मुक्काम सौंदड

माऊसचं चाक एक खाच फिरलं की पडद्यावरची बारीक लाल रेघ केसभर सरकते, आणि तिकडे सौंदडला, आईच्या खोलीतल्या फळीवरचा रेडिओचा तो काळा डबा, ज्याला एकही बटन नाही, दुसरीकडे कान देतो... धर्मेंद्रला याचं अजून नवल वाटतं. पुण्याच्या फ्लॅटवर तार बांधून पाहिली होती, नुसती खरखर. मग रेडिओ गावी नेला, तार घरावरून चिंचेपर्यंत ताणली, आणि इथे पुण्यात बसून इंटरनेटवरून तो चालवायला, त्यावर बोलायला लागला. आईला एवढंच शिकवलं, की वीज जाऊन आली की राउटर बंद करून चालू करायचा. तिला फोन होतो तो बहुतेक त्याच कामासाठी.

सकाळची हौशी रेडिओवाली मंडळी एकमेकांशी बोलायला रेडिओवर जमत होती. दुर्गचे इंद्रकुमारजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, एरवी सगळ्यांच्या आधी हजर, आज नव्हते.

"वो तो निकल गये," कुणीतरी म्हणालं. "आप ही की तरफ. बोले, धर्मेंद्रजी से मिलकर आऊंगा."

त्याचा हात माऊसवरच राहिला. खोटं असं तो बोललाच नव्हता — निदान पहिल्या दिवशी. कुठून बोलता, असं विचारतात. रेडिओ सौंदडला, तार सौंदडला, मग सौंदडच सांगायचं. 'चालवतो मात्र पुण्याहून' एवढं जोडायचं राहिलं. त्यावर इंद्रकुमारजी म्हणाले होते, मां के पास रहते हो, नसीबवाले हो... आणि त्याला ते इतकं गोड लागलं, की दुरुस्त करणं जिवावर आलं. पुढे मग तोच भर घालत गेला — आज धुकं आहे, आज भाताची रोवणी चालू आहे, आई चहा ठेवते आहे. जनाची नाही तर मनाची तरी असावी म्हणतात, तीही नव्हती.

फोन वाजला. आई.

"बाबू, पाहुणा आला एक. दुर्गचा." आवाज दबका, स्वयंपाकघरातून बोलत असावी. "तुले विचारून राहिला. मी सांगतलं, तलावाकडे गेला, येईल."

"असं काऊन सांगतलंस, माय?"

"मंग काय सांगू? तो म्हणते, तुमचा पोरगा रोज तुमच्या गुडघ्याले तेल लावते, मंगच रेडिओवर बसते. तेलाची शिशी आणली माह्यासाठी."

एकदा उठायला उशीर झाला होता, तेव्हा सबब म्हणून तो गुडघा काढला होता. मग इंद्रकुमारजी रोज विचारू लागले आणि गुडघा चालूच राहिला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पकडलं जाण्याची भीती नव्हती ती. पोराचं खोटं कानावर पडताच आईने, मागचापुढचा विचार न करता, ते आपल्या अंगावर घेतलं होतं. उठताना ती भिंतीला हात टेकते... टेकते ना? की हेही मीच कधीतरी रेडिओवर सांगितलं? दिवाळीत पाहिलेलं आणि पुण्यात बसून रचलेलं त्याला वेगळं करता येईना.

"माय, गुडघा खरंच दुखते का तुझा?"

पलीकडे कपबशीचा आवाज.

"ते राहू दे. कोणता पाय सांगतलास, तेवढं सांग. माह्या चालण्याकडे पाहून राहिला तो."

तो आठवत राहिला. डावा... उजवा... पाय त्याने कधी सांगितलाच नव्हता. रेडिओवर रोज सकाळी तो तिला तेल लावत होता, आणि कोणत्या पायाला, हे त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.