दाढेचा फोटो

डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या खालच्या डाव्या दाढेचा एक्स-रे पडद्यावर आणखी मोठा केला. कीड नव्हती, मुळाशी पू नव्हता, हाडही झिजलेलं नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या तोंडात अशी धडधाकट दाढ म्हणजे कौतुकच.

"काढून टाक एकदाची," सासरे खुर्चीत रेलून म्हणाले. "आठवडाभर जीव खाल्लाय तिनं."

"आत्ता दुखतेय, बाबा?"

"छे! बाजारातून जिना चढून वर येताना ठणकत होती. तुझी खुर्ची दिसली की चिडीचूप. घाबरते तुला."

कंपाउंडर हसला. हा विनोद दवाखान्यात रोज कुणी ना कुणी करायचं आणि तीही हसायची. आज तिचा हात माउसवरच राहिला. दवाखाना तिसऱ्या मजल्यावर, घर चौथ्यावर, आणि इमारतीची लिफ्ट आठवडाभर बंद होती.

"म्हणजे जिना चढतानाच दुखते? आणि बसलात की थांबते?"

"ते राहू दे, फोटो काय म्हणतो? तुझ्या फोटोतून काही सुटत नाही."

हे ते अख्ख्या गल्लीला सांगत फिरायचे. तिला ते आवडायचंही.

"फोटोत दाढ दिसते, बाबा. काळीज नाही दिसत. आणि काळजाचं दुखणं कधीकधी जबड्यात येतं."

"उगाच काहीतरी. मी ठणठणीत आहे."

ती घाबरली होती, पण आवाज तिनं रोजचाच ठेवला.

"जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्यात ना? खालच्या मजल्यावरचा दिवा लुकलुकला, तर बिघाड कुठे शोधायचात?"

"वर, मशीनच्या खोलीत," ते सवयीनं बोलून गेले. मग त्यांचा हात हळूच शर्टाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

तिनं ॲम्ब्युलन्स बोलावली, मोठ्या हॉस्पिटलला फोन केला. सासरे चपला शोधू लागले.

"एक पायरीसुद्धा चालायची नाही," ती म्हणाली. तिच्यापुढे कुणाचं चालायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

कंपाउंडर आणि वॉचमननं त्यांना बाहेरच्या खुर्चीत बसवून उचललं. ती हात धरून शेजारून उतरत होती.

"दुसरा मजला," सासऱ्यांनी पुकारा केला. वॉचमनला हसू आवरेना. "सांभाळून रे, झोक जातोय डावीकडे. पहिला मजला."

खाली ॲम्ब्युलन्सचं दार उघडंच होतं.

"तळमजला," ते म्हणाले. तिचा हात मात्र त्यांनी सोडला नाही.