न मारलेला उजवा

आत्याने भाच्याच्या उजव्या हाताला पट्टी बांधायला घेतली आणि दोन वेढे होतात न होतात तोच तिचं डोकं फिरलं. मूठ वळ म्हटलं तर मधलं बोट अर्धंच वाकलं, आणि भाचेसाहेब छताकडे बघायला लागले. छतात बघण्यासारखं काही नव्हतं. एक ट्यूबलाइट होती, तीही फडफडत होती.

"काय केलंस?" तिने विचारलं.

काही नाही, जरा मुरगळलाय, सरावात लागला असेल, अशी नेहमीची टोलवाटोलवी झाली. आत्याने पट्टी उलगडून ठेवली आणि हाताची घडी घालून बसली. बाहेर सभागृहात लोक जमत होते, लढत तासाभरावर आलेली, आणि ही बाई स्टुलावर बसूनच राहील हे भाच्याला लहानपणापासून ठाऊक होतं. शेवटी त्याने तोंड उघडलं. परवा मॉलमधल्या खेळांच्या दालनात चार पोरांनी त्याला ओळखलं, आणि तिथे ठोसा मोजायचं यंत्र होतं. पोरांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि हा चढला. ग्लोव्ह नाही, पट्टी नाही, नुसत्या मुठीने ठेवून दिली. यंत्राची उशी एका बाजूला सरकलेली होती. मूठ लागली ती मागच्या लोखंडावर.

"पण आत्या, आकडा सगळ्यात वरचा आला," तो म्हणाला.

आत्याने कपाळावर हात मारून घेतला. या मुलाला आपण आठव्या वर्षापासून शिकवतोय आणि याची अक्कल अजून आठव्याच वर्षात आहे, असं तिला अगदी मनापासून वाटलं.

तिच्या जिममध्ये सगळेच तिला आत्या म्हणायचे, पण हा खरोखरचा भाचा, सख्ख्या भावाची देणगी. पिंजऱ्यातल्या लढतीत लाथ, ठोसा, कुस्ती सगळं चालतं, आणि या पठ्ठ्याचा उजवा ठोसा असा की लागला तर समोरचा आडवाच. लोक त्याला तोफ म्हणायला लागले. त्याच्या लढतींचे तुकडे मोबाइलवर फिरायला लागले, आणि तिथेच सगळं बिनसलं. त्या तुकड्यांत असायचं काय, तर एक ठोसा आणि पडलेला माणूस. ठोशाआधीची दहा मिनिटं कोण दाखवणार? तोफेने स्वतःचेच ते तुकडे बघून बघून स्वतःचा अभ्यास केला. जगात दुसऱ्या कुठल्या धंद्यात माणूस असा मूर्खपणा करत असेल असं आत्याला वाटत नव्हतं. पाय रोवून उभं राहायचं, डावा हात खाली सोडायचा आणि उजवा फिरवायचा, एवढंच त्याच्या सरावात उरलं होतं.

आत्याच्या जिमचा एक रिवाज होता. ज्याचा जो हात भारी, तो कमरेच्या पट्ट्यात खोचायचा आणि उरलेल्या अंगाने लढायचं. तोफ झाल्यापासून भाच्याने हे सोडून दिलं होतं. लोक व्हिडिओ काढतात, बरं दिसत नाही, म्हणे. ती बिचारी घसा कोरडा करून सांगत राहिली, की तुझा ठोसा भारी आहे म्हणून तू भारी नाहीस. समोरच्याला त्या हाताची धास्ती आहे म्हणून तू भारी आहेस. धास्ती असली की तो पायात शिरायला कचरतो. कचरला की उशीर करतो, उशीर केला की मार खातो, दमतो, चुकतो. ठोसा शेवटी. तोवर अंतर राख, पाय हलते ठेव. भाचा हो हो म्हणायचा आणि आरशात उजवा दंड बघायचा.

आज समोर होता रेडा. नाव लोकांनी ठेवलेलं, पण शोभणारं. तो कुस्तीवाला, पायात शिरून खाली पाडणारा, आणि एकदा वर बसला की उठू न देणारा. आयोजकांचा डॉक्टर येऊन हात चाचपून गेला. भाच्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही, आणि डॉक्टरने मान डोलावली.

आत्या मात्र त्या मधल्या बोटाकडे बघत राहिली. तिचा स्वतःचा उजवा असाच गेला होता. बॉक्सिंग करायची तेव्हा दुखऱ्या हाताने एक ठोसा मारला, हाड वेडंवाकडं जुळलं, आणि आजही ती बाटलीचं झाकण डाव्या हाताने उघडते. तिला भयंकर राग आला होता आणि तेवढीच भीती वाटत होती.

"नको लढू," ती म्हणाली.

"आत्या, मी उजवा नाही मारत. बाकी सगळं करतो. शप्पथ."

"तुझी शप्पथ मला माहितीये. हा हात एकदा जरी सुटला ना, टॉवेल आत फेकून हार कबूल करेन. जिंकत असलास तरी."

ती टॉवेल घेऊन पिंजऱ्याच्या जाळीशी उभी राहिली तेव्हा तिला स्वतःचाच राग येत होता. दार बंद करून त्याला घरी न्यायला हवं होतं.

पहिल्या फेरीत रेडा वाकून आला. भाच्याने उजवा खांदा नुसता उचलला, आणि तो रेडा, एवढा जाडजूड गडी, चटका बसल्यासारखा मागे झाला. भाच्याने त्याला डावा ठोसा दिला, मग मांडीवर लाथ घातली आणि बाजूला सरकला. रेडा पुन्हा आला, खांदा पुन्हा उचलला गेला. लोक 'उजवा, उजवा' ओरडत होते. आत्या त्या सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या घालत होती.

दुसऱ्या फेरीत एकदा रेडा आत शिरलाच. भाचा जाळीला चिकटला आणि आत्याचा जीव टांगणीला लागला. पण त्याने कोपर मध्ये घातलं, कंबर वळवली आणि निसटला. पाय हलत होते. कित्येक महिन्यांनी त्याचे पाय हलताना दिसत होते, आणि त्यासाठी हात मोडावा लागला होता. आनंद मानावा की डोकं फोडून घ्यावं, हे तिला कळेना.

तिसऱ्या फेरीच्या अखेरीस रेडा लंगडायला लागला. डावा ठोसा नाकावर बसला, त्याचे हात खाली आले आणि हनुवटी सताड उघडी पडली. अख्खं सभागृह उभं राहिलं. भाच्याचा उजवा मागे गेला, तसाच, त्या तुकड्यांत जातो तसा. आत्याने टॉवेल डोक्यावर उचलला.

खांदा पुढे आला. हात आला नाही. रेड्याने दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं, आणि त्याच्या दुखऱ्या मांडीवर लाथ बसली. तो गुडघ्यावर आला, उठला, आणि घंटा झाली.

पंचांनी भाच्याला गुणांवर विजयी ठरवलं. लोकांनी हुर्यो उडवली, तोफ फुसकी निघाली म्हणाले. आत्याच्या हातात टॉवेल पिळल्यासारखा झाला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिने त्याच टॉवेलने पुसलं.

कपडे बदलायच्या खोलीत रेडा लंगडत हात मिळवायला आला. भाच्याने डावा पुढे केला.

"उजवा कुठे ठेवला होतास रे?" रेडा म्हणाला. "आता येईल, मग येईल, म्हणून मी त्याच्याकडेच बघत बसलो. बाकीचं सगळं त्या नादात खाल्लं."

तो गेला. आत्या त्याच्या मुठीवर बर्फाची पिशवी धरून बसली होती. उद्या सकाळी एक्स-रे, मग दादाला काय सांगायचं, हे तिच्या डोक्यात चाललं होतं.

"आत्या," भाचा म्हणाला, "मला आज एक गोष्ट कळली."

"काय?"

मग त्याने तिला समजावून सांगितलं. अगदी सावकाश, तिला नीट कळावं म्हणून डाव्या हाताने हवेत दाखवून दाखवून. ठोसा महत्त्वाचा नसतोच मुळी, धास्ती महत्त्वाची. धास्ती असली की समोरचा कचरतो, कचरला की उशीर करतो, उशीर केला की दमतो आणि चुकतो. आपण फक्त अंतर राखायचं, पाय हलते ठेवायचे. आत्या ऐकत होती. एकही शब्द नवा नव्हता, क्रमसुद्धा तिचाच होता.

"एवढी साधी गोष्ट," तो म्हणाला. "तू मला आधी का नाही सांगितलीस?"

आत्याने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या सुजलेल्या भुवईखालच्या डोळ्यात लबाडी नव्हती. तो खरंच विचारत होता.

"विसरले असेन," ती म्हणाली, आणि बर्फाची पिशवी जरा जास्तच जोरात दाबली.