पाच ग्रॅम

"अठराशे ग्रॅम भरली की न्या घरी," असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आमची लेक सव्वीस दिवस नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात काचेच्या पेटीत होती. नाकातली नळी निघाली होती, सगळं अडलं होतं ते वजनापाशी. सत्ताविसाव्या दिवशी सिस्टरनी तिला काट्यावर ठेवलं. अठराशे पाच. बायकोने पिशवीतून झबलं काढलं.

आणि माझी नजर नको तिथे गेली. काट्याच्या पडताळणी शिक्क्याची मुदत कधीच संपली होती.

मी वजनमापे निरीक्षक. वीस वर्षांत कुणा भाजीवाल्याला पाच ग्रॅम सोडले नाहीत.

"अहो, आज नको," बायको म्हणाली. तिला माझा चेहरा वाचता येतो.

पण हात शिवशिवायला लागले. गाडीतून पितळी वजनं आणली. सिस्टरनी ती दोनदा निर्जंतुक करायला लावली. अठराशे ग्रॅम मांडले, काट्याने अठराशे चाळीस दाखवले. मी काटा सील केला, पंचनामा लिहिला आणि साक्षीदार म्हणून सफाईच्या मावशींची सही घेतली.

"आरोपी कोण?" मावशींनी विचारलं.

एका मिनिटात विभागातली नऊच्या नऊ बाळं चाळीस ग्रॅमनी रोडावली. सिस्टरनी नऊ तक्ते नव्याने लिहिले. टोपडं घालून तयार बसलेली दोन बाळं परत पेटीत गेली. त्यांच्या आया माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं काही मीच त्यांचं दूध पळवलं. बायकोने माझ्याशी अबोला धरला. तिने झबल्याची पुन्हा घडी घातली, तेव्हा मला रडूच आलं.

दोन दिवसांनी नवा काटा आला. मीच तपासला, मीच शिक्का मारला. लेकीला ठेवलं.

सतराशे पंचाण्णव.

लेकीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. दुपटं सारखं करायच्या निमित्ताने मी काट्याच्या कडेवर करंगळी टेकवली. याच कारणासाठी मी आजवर एकशे अकरा तराजू जप्त केलेत.

सिस्टरनी आकडा बघितला, मग माझी करंगळी बघितली.

"अठराशे," त्यांनी तक्त्यात लिहिलं. "मावशींना बोलावू का साक्षीला?"

"नको," बायको म्हणाली आणि तिने झबल्याची घडी मोडली.