मालक आत झोपलेत

"फ्रीज उघडा, कपाट उघडं, आता हा कापसाचा ड्रॉवरही उघडा! या माणसाला देवानं उघडायला दोन हात दिले, लावायला एकही नाही."

काउंटरमागे सासूबाई पुटपुटत होत्या. सासरे तिथेच उभे राहून पेशंटांना भिंतीवरचा स्क्रीन कौतुकानं दाखवत होते, त्यामुळे त्यांच्या कानावर काही गेलं नाही. शेजारच्या खोलीत सर्व्हरपाशी बसलेल्या सूनबाईला मात्र शब्द न् शब्द ऐकू आला, आणि तिनं ओढणी तोंडावर धरली.

तेवढ्यात काउंटरवरचा कॉम्प्युटर थिजला. मग एक्स-रेचा. मग आतून नवऱ्याची हाक, "अगं, पुन्हा अडकलं बघ!"

नवरा दातांचा डॉक्टर, दवाखाना घरचाच. आणि त्या दवाखान्याचा सगळा डेटाबेस सूनबाईनं स्वतः शिकत, रडत, चुकत उभा केलेला. सर्व्हरची तक्रार नेहमीचीच होती: कनेक्शनं संपली. आत कोणकोण बसलंय ते तिनं उघडून पाहिलं. मालक, झोपलेत. मालक, झोपलेत. खालीही मालक, आणि तेही झोपलेत.

'मालक' हे सासऱ्यांचं लॉगिन. नाव त्यांनीच निवडलेलं. निवृत्तीनंतर व्हिडिओ बघून ते प्रोग्रॅमिंग शिकले आणि आता कुणाचा नंबर ते दाखवणारा हा स्क्रीन त्यांनी बनवला. त्यांचा प्रोग्रॅम घडीघडी डेटाबेसमध्ये शिरायचा, नंबर विचारायचा, आणि बाहेर न पडता तिथेच ताणून द्यायचा. पुढच्या खेपेला पुन्हा नवं कनेक्शन. आत जागा मोजक्याच. मालकांनीच सगळ्या अडवल्यावर बाकीच्यांनी शिरायचं कुठून?

सूनबाईनं हे नवऱ्याला सांगितलं होतं, नवऱ्यानं आईला. इथेच ते थांबलं. स्क्रीनपुढे उभे असले की सासरे कसे ताठ दिसायचे. तो फुगा फोडणार कोण? शेवटी नवऱ्यानं तोडगा काढला, सगळं काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकायचं. बापाशी एक वाक्य बोलण्यापेक्षा नवा सर्व्हर त्याला सोपा वाटत होता. संध्याकाळी करारावर सही. म्हणजे उद्यापासून सूनबाईनं आपलंच काम दुसऱ्याच्या हातात बघत बसायचं.

"बरं," ती स्वतःशीच म्हणाली. तिनं सगळ्या झोपलेल्या मालकांना बाहेर काढलं आणि सर्व्हरला एका ओळीचा हुकूम दिला: या लॉगिनला यापुढे पाचच जागा.

काउंटरवरचा कॉम्प्युटर चालू झाला, एक्स-रेचाही. थोड्याच वेळात त्या पाचही जागांवर मालक झोपले आणि भिंतीवरचा स्क्रीन तेवढा थिजला.

"सूनबाई, तुझा सर्व्हर गेला!"

"माझा? बाकी सगळं पळतंय की, बाबा."

"मग माझाच स्क्रीन का बंद?"

"काय की बाई." ती अगदी मन लावून कीबोर्ड पुसू लागली.

सासरे काउंटरकडे वळले. "अगं, तुला काही कळलं का, काय झालंय?"

"मला नका विचारू. आधी तो ड्रॉवर लावा," सासूबाई म्हणाल्या.

ड्रॉवर तसाच ठेवून सासरे तणतणत मुलाच्या खोलीत शिरले. सूनबाई मागोमाग दारापर्यंत गेली. खुर्चीवरच्या पेशंटबाई आ वासून पडल्या होत्या.

"सही संध्याकाळी कशाला? आत्ताच त्या कंपनीवाल्यांना बोलाव," सासरे म्हणाले. "पोरगी कष्टाळू आहे, नाही म्हणत नाही मी. पण हे तिच्या आवाक्यातलं काम नव्हे."

सूनबाईचं हसू मावळलं. खोडी आपणच काढली आणि ती आपल्याच अंगाशी आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं, हातातल्या आरशाकडे पाहिलं, मग पेशंटबाईंच्या दाढेकडे, जणू उत्तर तिथेच कुठेतरी अडकलंय. सूनबाई हाताची घडी घालून उभी राहिली. आज ती त्याला एकही शब्द उसना देणार नव्हती.

पेशंटबाईंनी वासलेल्या तोंडानंच "अँ?" केलं.

नवऱ्यानं मास्क खाली ओढला.

"बाबा, सर्व्हर धडधाकट आहे. सही होणार नाही, काम हिच्याकडेच राहील. तुमचा प्रोग्रॅम तुमच्यावर गेलाय. उघडतो, पण लावत नाही."