उत्तरपूजा न झालेली फळी

मी एक जुनी सर्फिंगची फळी आहे. जुनी म्हणजे किती, तर उणीपुरी आठ वर्षांची. हसू नका मित्रांनो, माझ्या वयाच्या बहिणी अजून समुद्रात आहेत. मी मात्र फ्लॅट बुश नावाच्या उपनगरातल्या एका गराजमध्ये दोन विटांवर आडवी पडले आहे, आणि माझ्या पाठीवर या घरातल्या माणसांच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, असतात.

२०११ साली पिहा नावाच्या समुद्रकिनाऱ्याजवळ कावीका नावाच्या कारागिराने मला घडवलं. तो मूळचा हवाईचा. चार लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून तो रंधा मारत बसे आणि सारखा बोलत असे. त्याच्या बेटांवर म्हणे राजाही लाटेवर उभा राही आणि मासे धरणारी बाईसुद्धा. फळीसाठी झाड तोडायचं तर आधी मुळाशी लाल मासा ठेवून प्रार्थना करायची. पुढे परदेशी धर्मोपदेशक आले. अर्ध्या कपड्यांतली माणसं दिवसभर पाण्यात खेळतात, हे त्यांना बघवेना. किनारे ओस पडले. "माझी पणजी ज्या बाकावर बसून शाळा शिकली," कावीका म्हणे, "तो बाक म्हणजे तिच्या आजोबांची फळी होती." मला तेव्हा ती गोष्ट फार लांबची वाटली.

मला विकत घेतलं धैर्यशीलने. हा सांगलीचा, कृष्णेत पोहून मोठा झालेला. इथे शिकायला आला आणि फार्मसिस्ट होऊन इथलाच झाला. बायको संपदा हॉस्पिटलात नर्स, मुलगी प्राची नऊ वर्षांची. कावीकाने बजावलं, "वर्षातून दोनदा हिला जवसाचं तेल दे आणि समुद्रात ने. भिंतीला टेकवून ठेवायची असेल तर आत्ताच सांग, मी देत नाही."

"नो नो, मेट! एव्हरी वीकेंड!" धैर्यशील म्हणाला.

खोटं नव्हतं ते. दोन वर्षं दर शनिवारी आम्ही मोटरवेने पिहाला जात होतो. प्राची माझ्यावर पहिल्यांदा उभी राहिली आणि लगेच पाण्यात पडली. "बाबा, डिड यू सी? मी हीप्स वेळ उभी होते!" हीप्स म्हणजे चार सेकंद असतील. पण ते चार सेकंद माझे होते, मित्रांनो, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

२०१३ च्या ऑक्टोबरात संपदाच्या ड्यूटीवर समुद्रात बुडालेले बापलेक आले. दोघांपैकी कुणीच वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. तिने मला गराजमधून आणलं, धुतलं, दिवाणखान्यात लॅपटॉप, कात्री आणि पुस्तकांशेजारी उभं केलं आणि हळदकुंकू लावलं. मी खूश! झाडाची प्रार्थना करणाऱ्यांच्या हातून आले आणि पूजा करणाऱ्यांच्या घरी पडले, देव पावला म्हटलं.

दसऱ्याला तिने अक्षता टाकून सगळ्यांची उत्तरपूजा केली. पूजेतल्या वस्तू त्यानंतरच वापरायच्या असतात ना! लॅपटॉप गेला, कात्री गेली. माझ्यावर मात्र अक्षता पडल्या नाहीत.

"आई, शनिवारी पिहाला जायचंय," प्राची म्हणाली.

"पूजेतली आहे ती. उत्तरपूजा झालेली नाही अजून."

"सो डू इट नाऊ!"

"करू सावकाश."

ते सावकाश साडेपाच वर्षं चाललं! कुणी काय बोलणार? देवाधर्माचं काम. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. दर नवमीला कुंकवाचा एक थर वाढे. शेजारच्या बॉटनी डाउन्सहून पूजेला येणाऱ्या मृदुलाताई मला नमस्कार करून म्हणत, "इतक्या लांब येऊनही किती जपलंय गं तू!" जपलंय म्हणे! समोर हीट पंप भकाभका गरम हवा ओकत होता आणि माझा सांधा केसाकेसाने उकलत होता. तेलाचा थेंब नाही. धैर्यशील येता-जाता माझ्याकडे बघून मान खाली घालायचा. "तिने जे पाहिलंय ते मी नाही पाहिलं," असं एकदा प्राचीला म्हणाला आणि क्रिकेट लावून बसला. माझा सगळ्यात जास्त राग आहे तो त्याच्यावर.

२०१९ च्या फेब्रुवारीत निरोप आला. कावीका कायमचा हवाईला परत निघाला होता, आणि त्याने घडवलेल्या सगळ्या फळ्या एका रविवारी पिहाला पाण्यात उतरणार होत्या. प्राची तेव्हा सोळा वर्षांची. तिने आईला विचारलंच नाही. सकाळी सरळ देवघरातल्या अक्षता आणल्या, माझ्यावर टाकल्या, मला जरासं हलवलं आणि म्हणाली, "पुनरागमनाय च." दर वर्षी गणपतीला ऐकून पाठ झालेलं. विधीत काहीच चूक नव्हती, त्यामुळे संपदाला अडवता येईना. "मीपण येते," एवढंच ती म्हणाली.

आम्ही पोचलो तेव्हा कावीका केव्हाच पाण्यात गेला होता. तो किनाऱ्यावर असता तर त्याने मला बोटाने वाजवून पाहिलं असतं आणि उकललेला सांधा ओळखून तिथेच थांबवलं असतं. मला माहीत होतं, मी टिकणार नाही. पण खरं सांगू? ओरडता आलं असतं तरी मी ओरडले नसते. मला जायचं होतं.

तिसऱ्या लाटेवर प्राची उभी राहिली. आणि मी सांध्यातून फाटले. माझा अर्धा तुकडा उसळून तिच्या कपाळावर बसला. कावीकानेच तिला बाहेर ओढलं. संपदाने टॉवेलने जखम दाबून धरली. "बघितलंस?" ती म्हणाली. "बघितलंस ना आता?"

कावीका माझे तुकडे हातात घेऊन बसला होता. "समुद्राने नाही मोडली ही," तो म्हणाला. "कोरडी पडून मोडली."

ऐकलं सगळ्यांनी. पण पोरीच्या कपाळाला चार टाके पडलेले, त्यापुढे लाकडाचं म्हणणं कोण मनावर घेतो? प्राची परत पाण्यात उतरली नाही. आईची भीती मीच खरी करून दाखवली, याचा मला जन्मभर सल राहील. "टाकवत नाही गं," म्हणत धैर्यशीलने माझा मोठा तुकडा कापून विटांवर ठेवला. कावीकाच्या पणजीचा बाक मला त्या दिवशी आठवला.

परवा खंडेनवमी झाली. प्राचीला लायसन्स मिळालंय, जुनी छोटी गाडी घेतलीय. संपदा ताम्हण घेऊन गराजमध्ये आली, कुंकवात बोट बुडवलं, तोच प्राची बॉनेटसमोर आडवी उभी राहिली.

"गाडीला नको, आई."

"अगं, नुसतं हळदकुंकू!"

"नको. मी आधी जाऊन येते." एरवी इंग्रजीत उत्तर देणारी पोरगी आज सगळं मराठीत बोलत होती.

"कुठे?"

"पिहाला. नुसतं बघायला."

माझ्यावरच्या जँडल्स उचलून ती गेलीसुद्धा.

मित्रांनो, एखादी वस्तू आवडत असेल तर तिला तेल द्या, राबवा, झिजू द्या. आणि भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणून सांगा, तिला शेंदूर फासून बसवू नका. माझ्या घरात एवढं एक वाक्य कुणी बोललं असतं तर मी आज पाण्यात असते.

गाडी वळणाआड गेली तरी संपदा तिथेच उभी होती. बोटावरचं कुंकू तसंच राहिलं होतं. मग ती खाली वाकली आणि ते बोट तिने माझ्यावर टेकवलं.

आता माझ्यावर अक्षता कोण टाकणार?