जामाईषष्ठीची बातमी

निस्तारिणीनं ताडपत्राच्या पंख्यानं जावयाला वारा घालता घालता त्याच्या ताटात डोकावून पाहिलं.

"ईलिश माशाचा पोटाकडचा तुकडा तसाच आहे. काट्यांवर गाणं जुळवायचंय की काय, जावईबापू?"

हिमाद्री हसला नाही. एरवी जामाईषष्ठीला, जावयाला घरी बोलावून जेवू घालायच्या या सणाला, सासूचे टोमणे तो भातात कालवून खायचा. लग्न झाल्यापासून तो सिनेमाची गाणीच लिहीत होता, आणि टोमणे दर साली ताजे असत. गल्लीतल्या बाकीच्यांचे जावई कसे, कुणी वकील, कुणी रेल्वेत. निस्तारिणीच्या वाट्याला आला तो चंद्र आणि नावाड्याच्या गाण्यांवर पोट भरणारा.

"आई, एक बातमी आहे. बजबजच्या ताग गिरणीत कारकुनाची जागा मिळाली. आषाढापासून जायचं. गाणी बंद."

"बंद म्हणजे?"

"बंदच. संगीतकार शैबालला कालच सांगून आलो. त्याच्या नव्या चालीवर आता दुसरं कुणीतरी शब्द लिहील."

दाराशी उभी असलेली बुलू, त्याची बायको, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आता आईचा चेहरा फुलणार म्हणून दोघंही वाट बघत राहिली.

पंखा थांबला.

"हा शहाणपणा कुणी शिकवला?"

"तुम्हीच. दर वर्षी. याच पाटावर बसवून."

"दारावर येणाऱ्या कोळ्याला मी रोज म्हणते, मेल्या, मासे नासलेत तुझे. त्यानं टोपली गंगेत फेकून दिली का?"

"आई, थट्टा नाही. माझी गाणी आता कुणी ऐकत नाही. मागचे दोन सिनेमे आले नि गेले, एक ओळ कुणाच्या तोंडी बसली नाही."

निस्तारिणीनं खिडकीबाहेर पाहिलं. मग वाण्याकडचं सामान सांगावं तशी, सूर नाही की काही नाही, ती म्हणाली,

"घाटावरची ओली पावलं ऊन पिऊन गेलं गं,
येऊन गेली, हे सांगाया कुणीच नाही उरलं गं."

हिमाद्रीचा घास हातातच राहिला.

"हे तर रेकॉर्डवर नाहीच. गाणं लांबतंय म्हणून हे कडवं कापलं होतं."

"लग्नाच्या साली इथं राहायला होतात, तेव्हा वरच्या खोलीत तेच तर घोकत होतात."

"पण दुपारी तुम्ही झोपायचात!"

"झोपतेय! वर एक बाप्या रेड्यासारखा येरझाऱ्या घालतोय, आणि खाली मी झोपतेय. आणि कापलंत ते चुकलंच. जीव होता तो त्यातच. उरलेलं ते काय, बरं होतं आपलं."

हिमाद्रीची उष्टी बोटं मांडीवर हळूहळू ठेका धरू लागली. शैबालची, काल परत केलेली चाल. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. धोतराला शितं चिकटत होती, त्याचं भान नव्हतं.

"अहो, हे काय," बुलू लगबगीनं पुढे आली, "उठा, हात तरी—"

निस्तारिणीनं लेकीचं मनगट धरलं. एरवी या घरात खरकट्या हातानं बसलेलं माणूस तिला क्षणभरही खपत नसे.

"गप्प बस," ती कुजबुजली. "हात मागनं धुता येतो."