लोखंडाचा हुंकार

"बोल की! जिभेलापण वेल्डिंग मारलंय काय?" मागच्या बाकावरून पेंग ओरडला आणि वर्ग खिदळला.

वेल्डिंग शिकणाऱ्यांना मी इंग्रजी शिकवते, त्या वर्गात सू लानफांगनं पहिलं इंग्रजी वाक्य म्हटलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. पुढच्या शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. आपण जोडलेली प्लेट परदेशी निरीक्षकाला इंग्रजीत समजावता आली, तर जहाज-कारखान्याच्या तपासणी विभागात जागा. नाहीतर वडिलांसारखं जहाजाच्या पोटात, धुरात.

रविवारी आमच्या गल्लीत क्वानयिन देवीच्या जन्माचं गाऊन निरूपण होतं. मी सहसा चुकवत नाही. बुवांनी ओळ सोडावी आणि सगळ्यांनी 'नमो अमिताभ' असं बुद्धाचं नाव घेऊन ती झेलावी, यासारखं सुख नाही. त्या दिवशी सगळ्यांच्या वर एक आवाज चढत होता. वळून बघते, तर लानफांग!

"काय गं, इथं बरा गळा सुटतो तुझा?"

"बाई, इथं ओळ खाली पडत नाही, झेलणारे असतात. वर्गात मी बोलले की सगळे नुसते बघतात. मग वाटतं, चुकलंच."

मला नवलच वाटलं. इतकी वर्षं शिकवतेय, हे कधी सुचलं नव्हतं. सोमवारी वर्गाला सांगितलं, तिच्या प्रत्येक वाक्याला हुंकार द्यायचा. "हं, मग काय झालं, लानफांगमावशी?" पेंग गोष्ट ऐकणाऱ्या पोरासारखा म्हणाला. ती हसली आणि हसता हसता, दहा चुका करत, अख्खं पान बोलून गेली.

शुक्रवारी मात्र खोलीत हुंकार देणारं कुणी नव्हतं. समोर पिकल्या केसांचे डच निरीक्षक, मध्ये तिची प्लेट. मी भिंतीशी, तोंड उघडायची मनाई. तिनं पहिलं वाक्य म्हटलं. निरीक्षक नुसते बघत राहिले. माझ्या घशापर्यंत आलेला 'हं' मी गिळला.

लानफांगनं माझ्याकडे पाहिलं, मग प्लेटकडे. वेल्डिंगच्या जोडावर जमलेली जळकी मळी झाडायची हातोडी उचलून तिनं हलकेच टोला दिला. टण्ण!

दुसरं वाक्य. टण्ण! तिसरं. निरीक्षकांच्या भुवया वर गेल्या. पुढं पुढं तर त्यांचं पेन टोल्यासाठी थांबू लागलं.

पाठ केलेलं संपलं. तिनं शेवटचा टोला दिला.

"मग पुढे?" निरीक्षकांनी इंग्रजीत विचारलं.

पुढचं कुठंच लिहिलेलं नव्हतं. लानफांगनं हातोडी खाली ठेवली, बाह्या सारख्या केल्या आणि अडखळत बोलू लागली. प्लेट अजून बारीक घुमत होती.